आपण किती जण?

तुरीनमधल्या त्या स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या फळीवर एक जुना वजनकाटा होता. पांढऱ्या इनॅमलचा, वर पितळी ताटली, समोर घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यावर फिरणारा लाल काटा. माझा मुलगा तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये शिकत होता आणि एका वृद्ध बाईंच्या घरात खोली भाड्याने घेऊन राहत होता. मी दीड महिना त्याच्याकडे राहायला गेले होते. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. घरमालकीणबाईंनाही जेवायला बोलावलं.

तिघांसाठी स्पॅगेटी करायची होती. पाकीट ५०० ग्रॅमचं. निम्म्या काड्या हातात घेतल्या तर खराट्याच्या हिरांची बारीकशी जुडी वाटली. एवढ्याशा काड्या तीन माणसांना कशा पुरणार? त्यातून घरात पाहुण्या म्हणून एक वयस्क बाई येणार, आणि जेवण कमी पडलं तर? मी अख्खं पाकीट पाण्यात सोडलं. शिजून त्याचं किलोच्या वर वजन झालं असणार. मोठं पातेलं भरलं, बशा भरल्या, तरी पातेलं तसंच. आम्ही तिघं जेवलो आणि आणखी तेवढीच माणसं जेवतील इतकं उरलं. सकाळपर्यंत त्याचा फुगून एकजीव गोळा झाला होता. बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्यांनी तो काटा खाली काढला, ओट्यावर ठेवला, आणि मला हाक मारली, ‘सिन्योरा!’

त्यांचं इटालियन मला कळत नव्हतं, माझं मराठी त्यांना. मुलगा मधे उभा राहून दोन्हीकडचं सांगत होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘क्वान्ती स्यामो?’ म्हणजे ‘आपण किती जण?’ मी बोटं दाखवली, तीन. मग त्यांनी ताटलीत स्पॅगेटी ठेवायला सुरुवात केली. स्वतःसाठी ८० ग्रॅम. मुलासाठी १००, कारण तो सकाळी नुसती कॉफी पिऊन गेला होता. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, भूक कशी आहे? मी म्हटलं, बेताची. ७०. काटा २५० वर थांबला. बरोबर अर्धं पाकीट. आदल्या रात्री जी जुडी हातात घेऊन मी ‘एवढ्याने काय होणार’ म्हटलं होतं, तीच.

इटलीत माणशी ८० ते १०० ग्रॅम सुका पास्ता हे घराघरांत ठरलेलं माप आहे. सूपमध्ये घालायचे बारीक तुकडे असतील तर ३०-४० ग्रॅम पुरतात. ताजा, अंड्यात मळलेला पास्ता असेल तर थोडा जास्त, कारण त्यात ओल आधीच असते. दर १०० ग्रॅमला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, असा लक्षात ठेवायला सोपा हिशेब. अमेरिकेतल्या पाकिटांवर माणशी दोन औंस, म्हणजे ५६ ग्रॅम छापलेलं असतं. पण तो आकडा बाईंना मुलाने सांगितला, तेव्हा त्या इतक्या गंभीर झाल्या की पुन्हा मी तो विषय काढला नाही.

डोळ्यांना हा अंदाज येत नाही, याचं कारण मला तिथेच त्या काट्यापाशी कळलं. बाजारात स्पॅगेटी मोजायची एक लाकडी पट्टी मिळते. तिला चार भोकं असतात, एका माणसाचं, दोघांचं, तिघांचं, चौघांचं. भोकात मावेल तेवढी जुडी घ्यायची. चौघांचं भोक एका माणसाच्या भोकाहून चौपट रुंद असेल असं वाटतं. ते फक्त दुप्पट रुंद असतं. जुडीची जाडी दुप्पट केली की काड्या चौपट होतात. म्हणून मुठीत जरा सैल धरलं की एक माणूस वाढतो आणि जरा आवळलं की एक कमी होतो. एक युरोच्या नाण्याएवढ्या जाडीची जुडी मी काट्यावर ठेवून पाहिली, शंभरच्या आसपास भरली. तेवढ्याच वजनाचा फुलपाखरासारखा फार्फाल्ले घेतला तर मोठा वाडगा शिगोशीग भरतो. पेन्ने घेतला तर त्याहून कमी. प्रत्येक आकार आपल्या पोटात आणि आजूबाजूला वेगळी हवा धरतो, त्यामुळे वाटीचं माप इथे चालतच नाही. तांदळाचं तसं नाही. तांदळाचा दाणा दाण्याला लागून बसतो, आज भरलेली वाटी आणि उद्या भरलेली वाटी सारखीच. म्हणून तांदळाला चिपटी-मापटी अशी मापं चालतात, पास्त्याला वजनकाटा लागतो.

हे सगळं मला पटलं. तरी पहिले काही दिवस तो काटा मला आवडला नाही. आपल्याकडे ‘मोजून घालतात’ हे एखाद्या घराबद्दल म्हणायचं सगळ्यात वाईट वाक्य आहे. लेक सासरहून आली आणि तिने आईजवळ एवढंच म्हटलं की तिकडे पोळ्या मोजून असतात, तर आईला पुढचं काही विचारावं लागत नाही. जेवणारं माणूस समोर यायच्या आधीच त्याची भूक ग्रॅममध्ये ठरवायची, हे मला कोरडं वाटलं. माझ्या आजीच्या घरी असं काही नव्हतं, असं मी मुलाला सांगायला लागले, आणि सांगता सांगता थांबले.

आजीचं घर लांजा तालुक्यात. माजघरात तांदळाची कणगी, तिच्यात एक लोखंडी चिपटं कायम खुपसून ठेवलेलं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६ मध्ये कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले, १९६२ पासून वजनाला दुसरं काही चालेनासं झालं. दुकानात चालेनासं झालं, आजीच्या कणगीत चिपटंच राहिलं. पण चिपटं पाहुणे आले, सण आला, लावणीला माणसं आली, की लागायचं. रोजचं माप म्हणजे पसा. एका हाताच्या उताण्या खोलगट तळव्यात मावतील तेवढे तांदूळ. मोठ्या माणसाला एक पसा, पोराला मूठ, आणि शेवटी एक मूठ आल्यागेल्याची.

चुलीवर आधण ठेवलं की आजी मला हाक मारायची, ‘पानं किती बघ गो!’ मी ओटीवर जाऊन मोजायची. आजोबा, दोन काका, गडी आला असेल तर तो, आम्ही पोरं, कुणी वाटसरू ओसरीवर टेकला असेल तर तो. मी येऊन आकडा सांगायची आणि आजी तांदूळ वैरायची. आधणात तांदूळ सोडण्याला आपल्या भाषेत हा खास शब्द आहे, वैरणे. तुरीनला मला त्याची फार आठवण झाली, कारण इटालियनमध्येही पास्ता उकळत्या पाण्यात सोडण्याला ठरलेला शब्द आहे. ते पास्ता ‘फेकतात’. ‘बुत्ता ला पास्ता’, टाक पास्ता, हे त्या घरात रोज ऐकू यायचं. मुलगा ट्राममधून फोन करायचा, बाई विचारायच्या, ‘बुत्तो?’ म्हणजे टाकू का? तो कुठल्या थांब्यावर आहे त्यावरून त्या हो-नाही ठरवायच्या. पास्त्याला शिजायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि तो कुणासाठी थांबत नाही. दाताखाली किंचित कण लागेल इतक्याच वेळी तो खायचा. तेव्हा माणूस आधी आणि पास्ता मागून. भाताचं उलट. भात झाकून ठेवता येतो, माणसं मागून येतात, आणि कुणी आलंच नाही तर सकाळी फोडणीचा भात होतो.

तरी दोन्ही चुलींपाशी मला सारख्याच गोष्टी दिसत होत्या. आमच्याकडे जुन्या पद्धतीने भात वेळून काढत, टोपावर वेळणी धरून पेज वेगळी करत, आणि ती पेज आजारी माणसाला, लहान पोराला जायची. बाईही पास्ता चाळणीत ओतायच्या आधी त्या पिठाळ पाण्याचा एक पेला बाजूला काढायच्या, रस्सा मिळून यावा म्हणून. आजी एक शीत बोटांत दाबून पाहायची, त्या एक काडी उचलून दातांनी तोडायच्या. नेपल्सकडे उरलेल्या पास्त्यात अंडी घालून जाड थालीपिठासारखं तव्यावर परततात, फ्रित्ताता म्हणतात. पास्ता दुकानात सुटा मिळायचा त्या काळी खणांच्या तळाशी उरलेले निरनिराळ्या आकारांचे तुकडे एकत्र करून गरिबांना स्वस्तात विकत. ते घेवड्याच्या दाण्यांबरोबर किंवा बटाट्यांबरोबर शिजवायचे. आज तो मिसळीचा पास्ता मुद्दाम बनवून पाकिटात विकतात.

पुण्याला परतल्यावर मी एक वजनकाटा आणला आणि पहिल्यांदा माझा पसा मोजला. साठ ते पासष्ट ग्रॅम तांदूळ. शिजल्यावर तांदूळ वजनाने अडीच-तीन पट होतो, पास्ता दुपटीच्या थोडा पुढे जातो. म्हणजे एक पसा तांदूळ आणि ८० ग्रॅम पास्ता ताटात पडेपर्यंत जवळजवळ सारखेच होतात. आजीने आयुष्यात काटा पाहिला तो वाण्याच्या दुकानात. तिच्या तळव्यात तोच आकडा होता.

गावात सगळे म्हणायचे, हिचा अंदाज कधी चुकत नाही. मीही ते अभिमानाने सांगत आले आहे. तुरीनच्या त्या ओट्यापाशी मुलाला तेच सांगत असताना मला आठवलं, की मी ओटीवरची पानं मोजून यायची तेव्हा आजीचं पान मी कधीच मोजलं नव्हतं. आईचंही नाही, काकूचंही नाही. ‘पानं किती’ या प्रश्नातच ती नव्हती. पानं म्हणजे पहिली पंगत. विचारणारी बाई त्या पंगतीला वाढणार होती. तिची सोय आल्यागेल्याच्या मुठीत. कुणी आलं नाही तर ती मूठ तिची. कुणी आलं, एखाद्या काकाने भात पुन्हा मागितला, तर टोपाच्या बुडाची खरवड, पेज आणि लोणच्याचा खार. आजीचा अंदाज चुकत होता. सगळ्यांचा चुकतो, भूक काही रोज एकसारखी नसते. तिची प्रत्येक चूक तिच्याच पानात जात होती, म्हणून ती कुणाला दिसली नाही.

हे मी बाईंना सांगितलं. मुलाने कसं काय भाषांतर केलं कोण जाणे, त्याचा स्वर मधेच बदलला होता. बाईंनी गॅस बंद केला आणि बसल्या. मग त्यांनी सांगितलं ते असं.

त्या मूळच्या वेर्चेल्लीच्या बाजूच्या. तुरीनहून मिलानला जाताना आगगाडीच्या दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भाताची खाचरं लागतात. ती मी पाहिली होती आणि क्षणभर कोकण रेल्वेत बसल्यासारखं वाटलं होतं. युरोपात सगळ्यात जास्त तांदूळ इटलीत पिकतो आणि त्यातला बराचसा याच पट्ट्यात. तिथे यंत्रं आणि तणनाशकं येईपर्यंत खाचरांतलं तण काढायला आणि आवणाची लावणी करायला हजारो बायका यायच्या. त्यांना मोंदिना म्हणत. गुडघ्यापर्यंत पाण्यात, पाठ वाकवून, उन्हात, डासांत. त्याच बायकांनी १९०६ मध्ये वेर्चेल्लीच्या भागात संप करून आठ तासांचा दिवस मिळवला. मजुरी पैशांत मिळायची, आणि वर रोजचा एक किलो तांदूळ. हंगाम सुमारे चाळीस दिवसांचा. बाईंची आई मोंदिना होती. चाळीस दिवसांचे चाळीस किलो घरी यायचे आणि ते वर्षभर कसे पुरवायचे याचा हिशेब आई कोळशाने भिंतीवर लिहायची. घरात सात माणसं. तो काटा आईचा. तांदूळ त्याच्यावर मोजूनच पातेल्यात जायचा.

‘आणि ती स्वतः?’ मी विचारलं.

आई चुलीपाशी उभ्याने जेवायची, बाई म्हणाल्या. सहा बशा मांडायची, सातवी नाही. स्वतःच्या पाठीने मिळवलेला तांदूळ, स्वतःच्या काट्यावर मोजलेला, आणि स्वतःला तो लावलाच नाही. लग्न होऊन तुरीनला येताना बाईंनी आईकडून दुसरं काही न मागता तो काटा मागितला. तेव्हापासून मोजताना त्या पहिल्यांदा स्वतःचे ८० ग्रॅम ताटलीत ठेवतात. मग नवऱ्याचे, मग मुलांचे. नवरा गेला, मुलं दूर गेली, काट्यावर आता बहुतेक दिवशी एकच ८० असतात. तरी ओट्याशी उभ्याने त्या खात नाहीत. टेबलावर कापड घालून बसतात.

इटालियन क्रियापदात कर्ता आतच असतो, मुलगा म्हणाला. ‘स्यामो’ म्हटलं की ‘आपण आहोत’, त्यात बोलणारी आलीच. मराठीत तर याहून चांगली सोय आहे. ‘आम्ही’ म्हटलं तर समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की बोलणारा आणि ऐकणारा दोघंही आत. इतका नेमका शब्द भाषेने हातात दिलेला असताना आम्ही पिढ्यान्पिढ्या ‘पानं किती’ विचारत राहिलो.

कायद्याने मात्र विचारलं आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य धरलं आहे. तान्ह्या बाळालाही ५, ऐंशीच्या म्हातारीलाही ५. दिवसाला १६६ ग्रॅम, दोन जेवणं धरली तर वेळेला ८३. बाईंच्या काट्यापासून अवघे तीन ग्रॅम दूर. त्याच कायद्यात असंही लिहिलं आहे, की शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यात वडील बाईचं नाव लागावं. कागदावर तिचे ५ किलो सगळ्यांत आधी मोजले जातात. दुकानातून पिशवी घरी आली, आधण ठेवलं, की पुढे काय होतं ते कायदा पाहू शकत नाही. तिथे पुन्हा कुणाचा तरी तळवा असतो. लोहाची कमतरता, पंडुरोग, चक्कर, हे शब्द आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत बायकांच्याच नावापुढे इतक्यांदा का लिहावे लागतात, याची अनेक कारणं डॉक्टर सांगतील आणि ती खरी असतील. त्यांतलं एक टोपाच्या बुडाशी आहे, असं मला आता ठामपणे वाटतं.

आणि काट्याबद्दलचं माझं मत मी बदललं आहे. मोजणं हा कंजूषपणा नाही. ज्या घरात मोजत नाहीत त्या घरातही कुणीतरी मोजत असतंच, मनातल्या मनात, आणि वजाबाकी स्वतःतून करत असतं. आल्यागेल्याची मूठ मला आजही हवी आहे. ती मूठ मी रोज टाकते आणि टाकत राहीन, ती आपल्या घरांची शोभा आहे. पण ती आल्यागेल्याची असू दे. स्वयंपाक करणारीचा पसा वेगळा पडायला हवा.

निघायच्या आदल्या रात्री मी पुन्हा स्वयंपाक केला. चौघं होतो, मुलाचा एक मित्र आला होता, नाशिकचा. मी काटा खाली काढला आणि विचारलं, ‘क्वान्ती स्यामो?’ बाईंनी चार बोटं दाखवली. पहिले ७० माझे. मग बाईंचे ८०. मग दोन्ही मुलांचे शंभर-शंभर. ३५०. पास्ता वैरला. बारा मिनिटांनी चाळणीत ओतला, चार बशांत वाढला, आणि आम्ही चौघं एकाच वेळी बसलो. पातेल्यात काही उरलं नाही आणि कुणाला काही कमी पडलं नाही.

पुण्यात माझी सून आणि मी आता आळीपाळीने भात लावतो. सुनेचा पसा माझ्यापेक्षा लहान आहे, तिला आंबेमोहोर आवडतो, मला कोलम. कुकर लावायच्या आधी जी ओट्यापाशी असेल ती आतूनच मोठ्याने विचारते, ‘आपण किती जण?’ नातवाचं काम आहे सगळ्या खोल्या फिरून आकडा सांगायचं. पहिल्या काही दिवसांत तो येऊन ‘चार’ म्हणायचा. आता विचारणारीला धरून ‘पाच’ म्हणतो.